डिक्कीचा टेकू

बैल सोडल्यावर गाडीच्या जुवाखाली लाकडी टेकू लावल्यावाचून कोणी शहाणा शेतकरी घरात जात नाही. टेकू निसटला तर गाडी तोंडावर येते, आणि खाली पोर खेळत असले तर काय होईल, हे त्याला सांगावे लागत नाही. बैलगाडीच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेला हा सावधपणा मोटारीच्या बाबतीत मात्र आमच्या लोकांत अजून उतरलेला नाही. मोटारीलाही टेकू असतो. एक नव्हे, बहुधा दोन. मागचे दार वर उचलले म्हणजे ते ज्या दोन काळ्या नळकांड्यांच्या बळावर आपल्या डोक्यावर उभे राहते, त्यांस आमच्याकडील मिस्त्री ‘डिक्कीचे शॉकर’ म्हणतात. आज ह्या शॉकरांविषयी वाचकांशी चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे. ह्या पानावर असल्या विषयाची कोणी अपेक्षा केली नसेल; परंतु गेल्या नाताळापासून तो आमच्या मनातून गेलेला नाही, आणि त्याचे कारण पुढे येईलच.

शहरातील मनुष्य आपल्या गाडीची डिक्की प्रवासाला निघताना उघडतो. आमच्या किरनापुर भागात तसे नाही. येथे व्हॅनचे मागचे दार हेच गाडीचे महाद्वार. धानाची पोती त्यातून चढतात, लग्नाची भांडी त्यातून उतरतात, बाघ नदी ओलांडून गोंदियाला जाणाऱ्या पाहुण्यांची बोचकी त्यातूनच आत ढकलली जातात. रात्री कोणा मायबहिणीस कळा लागल्या आणि बालाघाटच्या जिल्हा रुग्णालयाकडे धावावे लागले, तर तिची गादी ह्याच दारातून आत जाते. आमच्या धर्मग्रामातील दोन वृद्धांच्या शवपेट्याही आम्ही ह्याच दाराने आत सरकवल्या आहेत. अशा प्रत्येक वेळी चार-पाच माणसे दाराखाली वाकलेली असतात, आणि त्यांतील एकाचेही लक्ष वर नसते. दार वर राहणारच, असे सर्वांनी गृहीत धरलेले असते.

हे नळकांडे उघडता येत नाही आणि उघडूही नये. म्हणून त्याच्या पोटात काय आहे ते येथेच सांगून टाकतो. आत असतो नायट्रोजन वायू. आपण श्वासावाटे घेतो त्या हवेत शेकडा ७८ भाग ह्याच वायूचे असतात. तो लोखंडास गंजवीत नाही आणि तेलाच्या सान्निध्यात पेट घेत नाही, म्हणून त्याची निवड झाली. त्याच्या जोडीला थोडेसे तेल असते. नळकांड्याच्या एका तोंडातून गुळगुळीत पोलादी दांडा आतबाहेर करतो. दांड्याच्या आतल्या टोकास एक दट्ट्या असतो, आणि त्या दट्ट्यास बारीक छिद्र असते. त्या छिद्रातून वायू सावकाश इकडून तिकडे जातो, म्हणूनच दार धाडकन न उघडता एखाद्या जाणत्या सेवकाने उचलावे तसे संथपणे वर जाते. दांडा जेथून बाहेर येतो तेथे रबराचे सील असते. सगळा संसार त्या सीलवर उभा आहे.

येथे विचारी वाचकास एक शंका येईल. दट्ट्यास जर छिद्र आहे, तर वायूचा दाब त्याच्या दोन्ही अंगांस सारखाच असणार. मग दांडा बाहेर ढकलला जातो तो का? ब्लेझ पास्कल ह्या फ्रेंच पंडिताने (१६२३–१६६२) द्रवांच्या दाबाविषयी जो विचार केला, त्यात ह्याचे उत्तर सापडते. पास्कल गणिती होता आणि तितकाच श्रद्धावंत ख्रिस्तीही होता. १९७१ साली जगाच्या मापशास्त्रज्ञांनी दाबाच्या एककास त्याचेच नाव दिले. कोंडलेल्या पदार्थाचा दाब सर्व दिशांस सारखा पडतो, हे त्याचे म्हणणे. आता दट्ट्याच्या आतल्या अंगावर वायूस सबंध तबकडी मोकळी मिळते. बाहेरच्या अंगावर मात्र मधोमध दांडा जोडलेला असल्याने तेवढी जागा वायूस मिळत नाही. तेवढ्याच जागेपुरता रेटा शिल्लक उरतो, आणि तोच दांड्यास बाहेर लोटतो. शिसपेन्सिलीएवढ्या, म्हणजे ८ मिलिमीटर जाडीच्या दांड्याचा छेद सुमारे अर्धा चौरस सेंटिमीटर भरतो. आतील दाब वातावरणाच्या शंभरपट धरला, तर रेटा सुमारे ५० किलो येतो. मोटारीच्या टायरात आपण साधारणपणे ३० पौंडांची हवा भरतो; त्याच मापाने मोजल्यास हा दाब १,४७० पौंडांच्या घरात जातो. दिसावयास शिसपेन्सिल, आणि आत केवढा कोंडमारा!

गाड्यांना असे वायूचे टेकू नेहमीच नव्हते. पूर्वी लोखंडी आडणी असे, किंवा पिळाची स्प्रिंग असे. वायूचे टेकू मोठ्या प्रमाणावर बनू लागले ते १९६० नंतरच्या दशकात, आणि त्यात जर्मनीतील कोब्लेंझ गावच्या स्टाबिलुस कंपनीचा वाटा मोठा आहे. (कोब्लेंझ हे नाव संगम ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे; ऱ्हाइन आणि मोझेल ह्या नद्या तेथे एकत्र येतात. सेमिनरीत शिकलेले लॅटिन असे कोठे तरी उपयोगी पडते.) आपल्या देशात १९८४ साली मारुतीची व्हॅन आली आणि वर उघडणारे मागचे दार खेडोपाडी परिचयाचे झाले.

आता थोडा हिशेब. तो कंटाळवाणा वाटला तरी वाचकांनी सोडू नये, कारण सगळे मर्म त्यातच आहे. समजा, दार १६ किलोचे आहे आणि त्याचा भार बिजागरापासून ५० सेंटिमीटरांवर पडतो. म्हणजे ८०० चा भार झाला. टेकू बिजागराच्या जवळ बसवलेले असतात. समजा, त्यांचा रेटा १२ सेंटिमीटरांवरून लागतो. प्रत्येकी ४० किलोचे दोन टेकू मिळून ८० किलो, म्हणजे ९६० चा आधार. दार उभे राहते आणि वर थोडी शिल्लकही उरते. परंतु ही शिल्लक किती थोडी आहे ते पाहावे. सील झिजून वायू थोडा थोडा निघून गेला, ८० चे ७२ किलो झाले, तर आधार ८६४ वर येतो. दार तरीही उभे राहते. मालकास काहीच कळत नाही. मग येते थंडी. वायू थंड झाला म्हणजे त्याचा दाब घटतो. मे महिन्यातील ४२ अंशांच्या दुपारपासून डिसेंबरातील ८ अंशांच्या रात्रीपर्यंत येता येता तो शेकडा ११ नी उणा होतो. ७२ चे ६४ होतात, आधार ७७० वर येतो, आणि ८०० चे दार त्यावर टिकत नाही. उन्हाळ्यात चाललेली डिक्की नाताळात का कोसळते, ह्याचे उत्तर एवढेच आहे.

आमच्याकडे ती नाताळच्या मध्यरात्रीच कोसळली. मिस्सेसाठी दूरच्या टोल्यांवरून लोक व्हॅनने आले होते. गायनवृंदातील एक बाई पेटी काढण्यासाठी मागे वाकल्या. दार क्षणभर थांबले, आणि मग अचानक खाली आले. कुलूप अडकते तो लोखंडी आकडा त्यांच्या खांद्यावर बसला. त्यांचा सहा वर्षांचा मुलगा झांजा घेऊन नुकताच त्याच जागेवरून बाजूला झाला होता. बाई मिस्सा संपेपर्यंत ओला पदर खांद्यावर धरून बाकावर बसून राहिल्या. गायल्याही, असे शेजारच्या बाया सांगतात. दुसऱ्या दिवशी बालाघाटला फोटो काढला तेव्हा गळ्याजवळचे हाड चिरल्याचे दिसले. सहा आठवडे हात गळ्यात बांधला गेला, तोही धानाच्या मळणीच्या दिवसांत. ज्या घरात रोजंदारीचा एक हात गेला तर चूल अर्धी विझते, त्या घरी सहा आठवडे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस आम्ही सांगावे असे नाही.

व्हॅनचा मालक आमच्याच धर्मग्रामातील तरुण. तो दुष्ट नाही, आळशीही नाही. आठवड्याचे सहा दिवस तो शाळेची मुले नेतो-आणतो. त्यावरच त्याचे आणि त्याच्या म्हाताऱ्या आईचे चालते. दार सैल झाले आहे हे त्याला महिनाभर ठाऊक होते. त्यासाठी त्याने बांबूची एक काठीही गाडीत ठेवली होती. त्या रात्री अंधारात, गर्दीत, ती लावावयाची राहिली. दुसऱ्या दिवशी तो आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी एवढेच म्हणाला, “फादर, तेथे रोज मुले दप्तरे ठेवतात.”

बांबूच्या काठीविषयी आमचे मत येथेच नमूद करतो. काठी वाईट नव्हे. नीट मापाची, टोकास खाच पाडलेली आणि दाराच्या कडेत बसणारी काठी हा चांगला दुसरा टेकू आहे. परंतु तिच्यावर भिस्त ठेवून पहिला टेकू तसाच सोडणे, हे पावसाळाभर गळक्या कौलाखाली भांडे ठेवण्यासारखे आहे. शिवाय काठी लावण्यासाठी एका हाताने दार धरावे लागते. धरणारा हात नेमका कोणाचा? बहुधा आईचा, आणि तिच्या कडेवर पोर.

गरिबांच्या पेटीतून बाईंच्या औषधपाण्याचा खर्च द्यावा, ह्यावर समितीत दुमत झाले नाही. तरुणास नव्या टेकूंसाठी उसने द्यावे, हेही मान्य झाले. वाद निघाला तो संख्येवरून. आमच्या समितीतील एक सद्‌गृहस्थ पैशाच्या बाबतीत फार काटेकोर आहेत, आणि तसे कोणी असावेच. त्यांनी गाडी स्वतः जाऊन पाहिली होती. डावे नळकांडे तेलाने माखलेले होते, उजवे कोरडे होते. “गळते आहे एक, मग घ्यावयाचे दोन कशासाठी?” असा त्यांचा प्रश्न. त्यास उत्तर दिले ते रोझरी चालवणाऱ्या आमच्या एका आजींनी. अमालेकांशी लढाई चालली असता मोशेचे हात थकले, तेव्हा ते सूर्यास्तापर्यंत धरून ठेवण्यास एका बाजूला अहरोन आणि दुसऱ्या बाजूला हूर उभा राहिला, ही निर्गमाच्या ग्रंथातील गोष्ट आजींस मुखोद्‌गत आहे. त्या म्हणाल्या, “बाबा, दोघेही ताजे होते. एक ताजा आणि एक दमलेला असता, तर मोशे वाकडाच झाला असता.” सभा हसली आणि ठराव संमत झाला.

आजींचे म्हणणे यंत्रशास्त्रालाही धरून आहे. दोन्ही टेकू एकाच दिवशी बसलेले, एकाच संख्येने उघडमीट सोसलेले. एकाने प्राण सोडला म्हणजे दुसऱ्याचेही दिवस भरत आलेले असतात. एक नवा आणि एक जुना बसवला तर दार एका अंगाने अधिक ढकलले जाते, बिजागरांवर पीळ पडतो आणि कुलूप नीट लागत नाही. म्हणून घ्यावयाचे ते जोडीने. जोडीची किंमत एका टायरच्या मानाने पुष्कळच कमी असते.

गोंदियाहून जोडी आली. आणताना तरुणाने जुन्या नळकांड्यावरील क्रमांक लिहून नेला होता, हे फार चांगले केले. त्यावर रेट्याचा आकडाही छापलेला असतो. ४०० एन म्हणजे ४०० न्यूटन, सुमारे ४० किलो. दाराला कर्णा किंवा जड जाळी कायमची बसवली नसेल, तर गाडीच्या मूळ आकड्याहून जोरकस टेकू घेऊ नयेत. दार अंगावर उसळते आणि पत्रा वाकतो. दुकानातच जुना व नवा शेजारी ठेवून लांबी जुळते का ते पाहावे.

तीन राजांच्या सणानंतरच्या रविवारी, मिस्सा झाल्यावर, काम देवळाच्या आवारातच झाले. गाडी सपाट जागेवर, वाऱ्याकडे पाठ नसेल अशी उभी केली. दोन धट्ट्याकट्ट्या तरुणांनी दार दोन्ही कोपऱ्यांस धरले, आणि शिवाय चौकोनी लाकडाचा एक ओंडका, टोकास गोणपाट गुंडाळून, दाराखाली दिला. ह्यात काटकसर करू नये, कारण टेकू सुटताच दाराचा सगळा भार हातांवर येतो. आमचे हात पुस्तकाचे; आम्ही फक्त हत्यारे पुढे करीत होतो. ह्या टेकूंच्या दोन्ही टोकांस वाटीसारखे खोलगट तोंड असते आणि ते गाडीवरील गोळीवर बसलेले असते. बाहेरून तारेची एक चाप त्यास धरून ठेवते. बारीक पेचकस चापेखाली घालून ती थोडीशीच उचलावी, अगदी काढून टाकू नये. मग टेकू बाहेर ओढला की सुटतो. काही गाड्यांत गोळीऐवजी बोल्ट असतो. तेथे पान्याचे काम. एक बाजू पुरी करून मगच दुसरीस हात लावावा. नव्या वाटीत बोटाच्या टोकाएवढे ग्रीस घालून ती गोळीवर दाबली म्हणजे टक्‌ असा आवाज येतो. तो आवाज ऐकू आल्याशिवाय दार सोडू नये. जुन्या टेकूचा दांडा ज्या अंगास होता त्याच अंगास नव्याचा ठेवावा. सामान्यतः दांडा खाली राहतो, म्हणजे आतले तेल सीलपाशी उतरते आणि सील ओले राहते. उलटा बसवला तर ते सुकून लवकर फाटते. दोन्ही बाजू मिळून अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागला नाही. त्यातला बराचसा वेळ मुलांना दूर ठेवण्यात गेला.

निगा म्हटली तर अगदी थोडी आहे, परंतु ती कोणी घेत नाही. आमच्या रस्त्यांवर मुरमाची धूळ, गिरणीपाशी कोंड्याची धूळ. ती दांड्यावर बसते आणि दार मिटताना सीलमध्ये ओढली जाते. आठवड्यातून एकदा, गाडी पुसताना, मऊ कोरड्या फडक्याने दांडा पुसावा. एवढेच. त्यास ग्रीस किंवा घट्ट तेल फासू नये, धूळ अधिकच चिकटते. पॉलिशकागद तर लावूच नये. दांड्यावरील चकाकी ही त्याची कातडी आहे, आणि तिच्यावरचा एक ओरखडा सील कापावयास पुरे होतो. गाडी रंगवताना दांडा कागदाने झाकावा. पोते आवळण्यासाठी दोरी ह्या दांड्यास बांधण्याची खोड आम्ही पुष्कळ ठिकाणी पाहिली आहे. दांडा किंचितही वाकला की टेकू संपला. लांब बांबू किंवा टिना बाहेर डोकावत असताना दार जोराने दाबून बसवणे, डिक्की उघडी टाकून खड्ड्यांतून गाडी हाकणे, पवित्र मारियेच्या मिरवणुकीत दारालाच कर्णा बांधणे, ह्या सर्वांनी त्याचे आयुष्य घटते. मिरवणुकीचा कर्णा आम्ही आता छतावर बांधण्यास सांगितले आहे.

सूचना तर टेकू स्वतःच देतो. दार पूर्वी आपण होऊन वर जात असे, आता शेवटचा हात हाताने ढकलावे लागते. वर गेल्यावर तळहाताएवढे खाली उतरते. सकाळच्या गारव्यात थांबत नाही, दुपारी थांबते. नळकांड्याच्या तोंडाशी तेलकट काळी कड दिसते. ह्यांतील एकही दिसले की जोडी बदलावी, आणि ती येईपर्यंत दाराखाली वाकणाऱ्यासाठी दुसऱ्या माणसाने दार धरावे. लोखंडी पन्हळीचा तुकडा, उघड्या दांड्याच्या बरोबर लांबीचा, आतून कापड लावून दांड्यावर बसवला तर तोही तात्पुरता चांगला अडसर होतो. काही जण दांड्यास चिमट्याचा पाना आवळतात. त्याने दार थांबते, परंतु दांड्यावर दात उमटतात.

आणखी एक गोष्ट. आठवडी बाजारात जुन्या टेकूंत ‘गॅस भरून देतो’ म्हणणारे कारागीर कधी कधी भेटतात. नळकांड्यास भोक पाडावयाचे, तोटी जोडावयाची, आणि पुन्हा दाब भरावयाचा. ज्या सीलमधून पहिला वायू गेला ते तसेच राहते, म्हणजे दुसराही जाणारच. आणि शंभर वातावरणांचा दाब धरणाऱ्या पत्र्यावर असे हात चालवणे ही जिवाशी गाठ आहे. पोरांच्या हाती जुने टेकू देऊ नयेत, करवतीने कापू नयेत, शेकोटीत टाकू नयेत. दार धरत नाही म्हणून आत वायू उरला नाही असे नव्हे. वरच्या हिशेबात आपण पाहिलेच की ७२ किलोंची जोडीसुद्धा हरते. कबाडीवाल्यास देतानाही हे त्यास सांगितले पाहिजे, कारण पुष्कळदा तो रबर जाळून लोखंड वेगळे करतो.

बाईंचा हात सुटला असून चाळिशीच्या पहिल्या रविवारी त्यांनी पुन्हा पेटी धरली. तरुण दर महिन्यास थोडे थोडे पेटीत परत टाकतो. हिशेब ते काटेकोर सद्‌गृहस्थच ठेवतात. जुनी जोडी गोणपाटात बांधून आमच्या कोठीच्या वरच्या फळीवर ठेवलेली आहे. गोंदियाच्या मिस्त्रींनी ती घेण्याचे कबूल केले आहे, आणि पुढच्या खेपेस व्हॅन तिकडे गेली म्हणजे ती त्यांच्याकडे पोहोचेल.